विंडसर्फिंगसाठी टिकाऊ कार्बन मास्ट कसा निवडायचा

मास्ट, म्हणजे शिडाची डोलकाठी, घ्यायला निघालेल्याची नजर आधी नळीवर छापलेल्या टक्क्यांवर जाते. सी५०, सी७५, सी१००, म्हणजे तंतूंत कार्बन किती टक्के. टिकाऊपणाचा विचार असेल तर हा आकडा सगळ्यात शेवटी पाहायचा. कार्बन कमी होता म्हणून मोडलेला मास्ट क्वचितच सापडतो. लांबी किंवा वाक शिडाशी जुळत नव्हता, मास्टच्या दोन तुकड्यांमधला सांधा पुरता बसला नव्हता, किंवा कधीतरी दगडावर आपटून नळीला बारीक चीर गेली होती आणि ती कुणाच्या लक्षात आली नव्हती, ही खरी कारणं. म्हणून खालचा क्रम मुद्दाम असा लावला आहे: आधी शीड, मग लांबी, वाक, व्यास, आणि टक्केवारी त्यानंतर.

शिडावरचे आकडे उतरवून घ्या

प्रत्येक शिडाच्या पायथ्याशी किंवा पिशवीवर एक तक्ता छापलेला असतो. त्यातले सहा आकडे वहीत लिहा: लफची (शिडाच्या मास्टकडच्या कडेची) लांबी, बूमची (हातात धरायच्या आडव्या दांड्याची) लांबी, सुचवलेला मास्ट, आयएमसीएस (ताठपणाचा आकडा), एक्स्टेंशन (मास्टच्या तळाशी बसणारा, लांबी वाढवणारा तुकडा), आणि मास्ट आरडीएम (बारीक) हवा की एसडीएम (जाड). छपाई पुसली गेली असेल तर उत्पादकाच्या संकेतस्थळावर मॉडेलचं नाव आणि वर्ष टाकून शोधा. वर्ष महत्त्वाचं आहे, कारण एकाच नावाच्या शिडाचा मास्ट दोन वर्षांत बदललेला असू शकतो.

लांबीचं गणित सोपं आहे. लफमधून मास्टची लांबी वजा केली की एक्स्टेंशन किती सोडायचं ते कळतं. लफ ४४२ सेंमी आणि मास्ट ४३० असेल तर एक्स्टेंशन १२ सेंमी. बाजारात ३४०, ३७०, ४००, ४३०, ४६०, ४९० आणि त्यापुढचे मास्ट मिळतात, म्हणजे बहुतेक मापं ३० सेंमीच्या टप्प्याने. अंदाजासाठी: पाच चौ.मी.च्या आसपासच्या शिडांना ४००, साधारण साडेपाच ते साडेसहाला ४३०, साडेसहा ते पावणेआठला ४६०, आणि आठ-नऊला ४९०. हा फक्त अंदाज. शेवटचा शब्द शिडावरच्या तक्त्याचा.

इथे एक चूक नेहमी होते. घरात ४०० चा मास्ट आहे, नवीन शिडाला ४३० हवा, तर एक्स्टेंशन ३५-४० सेंमी बाहेर काढून काम भागवायचं. लांब निघालेलं एक्स्टेंशन म्हणजे लांब तरफ. तिचा सगळा जोर मास्टच्या तळाच्या कडेवर येतो आणि नळी खालून उभी फाटते. शिवाय वाकही बिघडतो. एक्स्टेंशन २५ सेंमीच्या पुढे जात असेल तर पुढच्या मापाच्या मास्टचा विचार करा आणि ३० च्या पुढे जाऊच नका. उलट बाजूने, मास्ट लफपेक्षा थोडा लांब असेल आणि शिडाचा माथा पट्ट्याने कमी-जास्त करता येत असेल, तर टोक वरून बाहेर ठेवून वापरता येतो. माथा बंद असेल तर नाही.

ताठपणा आणि वाक: ३० किलो वजनाची परीक्षा

आयएमसीएस हा ताठपणाचा आकडा. मास्ट दोन्ही टोकांना आडवा टेकवायचा, बरोबर मध्यावर ३० किलो वजन टांगायचं आणि मध्य किती खाली आला ते मोजायचं. मास्टची लांबी भागिले झोल, दोन्ही सेंमीमध्ये, की आयएमसीएस मिळाला. ४६० चा मास्ट १८.४ सेंमी झुकला तर २५. नेहमीच्या मास्टचे आकडे पाठ झाले तर बरं: ३७० ला १७, ४०० ला १९, ४३० ला २१, ४६० ला २५, ४९० ला २९. एका अंकाचा फरक बहुतेक शिडं सोसतात. दोनाचा फरक हाताला जाणवतो.

ताठपणापेक्षा जास्त घोळ वाकात होतो. वजन तसंच टांगलेलं ठेवून तळाकडच्या पाव लांबीवर आणि टोकाकडच्या पाव लांबीवर झोल मोजा. दोन्ही मापं मध्याच्या झोलाच्या टक्क्यांत काढा आणि वजाबाकी करा. वरच्याच मास्टचं उदाहरण: मध्य १८.४, तळाकडे ११.८ म्हणजे ६४ टक्के, टोकाकडे १४ म्हणजे ७६ टक्के. फरक १२. साधारण १० ते १५ मधल्या फरकाला कॉन्स्टंट कर्व्ह म्हणतात, ९ पर्यंत हार्ड टॉप आणि १६ च्या पुढे फ्लेक्स टॉप. सीमारेषा उत्पादकानुसार थोड्या सरकतात, म्हणून नावापेक्षा आकडा विचारा. आज बहुतेक ब्रँड कॉन्स्टंटच्या पट्ट्यात आले आहेत. सेव्हर्न तिथलाच, नीलप्राइड मात्र फ्लेक्स टॉपच्या परंपरेतला.

वाक जुळला नाही तर काय होतं ते जमिनीवर शीड बांधतानाच दिसतं. कॉन्स्टंटच्या शिडात फ्लेक्स टॉप मास्ट घातला की वरची लीच, म्हणजे शिडाची मागची कडा, लवकर सैल पडते आणि खालचा भाग पोटासारखा फुगलेला राहतो, कारण तळ पुरेसा वाकतच नाही. उलट केलं, म्हणजे फ्लेक्स टॉपच्या शिडात हार्ड टॉप मास्ट घातला, तर खालचा भाग सपाट होतो आणि वरची लीच घट्ट राहते. मग माणूस लीच सैल करायला डाउनहॉल, म्हणजे शीड खाली ताणणारी दोरी, आणखी ओढतो, आणि मास्ट मोडायची सुरुवात इथे होते. तीन चाकांच्या पुलीने ओढ सहापट होते. तुम्ही दोरी ३० किलोने खेचली तर घर्षण सोडून १८० किलोपर्यंतचा दाब मास्टवर उभा पडतो. जुळत नसलेला मास्ट हा दाब वाकून घेऊ शकत नाही, तो एखाद्याच ठिकाणी साठतो.

ज्यांना वर्गाच्या शर्यतीत उतरायचं आहे त्यांना यातली निवड नाहीच. आयक्यूफॉइल किंवा टेक्नो २९३ सारख्या वन-डिझाइन, म्हणजे सगळ्यांना एकसारखंच सामान असणाऱ्या, वर्गात ठरवून दिलेलाच मास्ट लागतो.

आरडीएम की एसडीएम

आरडीएम म्हणजे बारीक मास्ट, तळाचा आतला व्यास सुमारे ३२ मिमी. एसडीएम म्हणजे जाड मास्ट, सुमारे ४८ मिमी. नवख्याला वाटतं जाड तो मजबूत. इथे ते उलट आहे. नळीचा ताठपणा व्यासाच्या घनाने वाढतो. व्यास दीडपट केला तर तेवढ्याच जाडीच्या भिंतीत ताठपणा तीनपटीहून जास्त होतो. त्यामुळे एसडीएमची भिंत पातळ ठेवूनही हवा तेवढा ताठपणा मिळतो आणि मास्ट हलका होतो. आरडीएमला तोच ताठपणा गाठायला भिंत जाड करावी लागते. आणि बूमचा धक्का, फळीच्या नाकावरची आपट, वाळूत खुपसलेलं टोक, हे सगळे मार झेलायचे असतात ते भिंतीला.

म्हणून लाटांत खेळणाऱ्याने दुसरा विचार करू नये, आरडीएमच घ्यावा. साडेसात चौ.मी.पर्यंतच्या फ्रीराइड, म्हणजे मौजेसाठीच्या, शिडांनाही आरडीएम चालत असेल तर आमचा कौल आरडीएमलाच. पाण्यातून शीड वर खेचताना बारीक मास्ट हातात नीट येतो, हा वेगळा फायदा. एसडीएमची खरी जागा मोठ्या, कॅमवाल्या शर्यतीच्या शिडांत (कॅम म्हणजे शिडाच्या आडव्या काड्या मास्टवर टेकवणारे चिमटे). तिथे कॅम जाड नळीवर बसवण्यासाठीच घडवलेले असतात, आणि आरडीएम घालायचा तर कॅम किंवा त्यांचे तुकडे बदलावे लागतात.

व्यास बदललात की एक्स्टेंशनही बदलतं आणि बूमच्या पुढच्या पकडीत रबरी शिम, म्हणजे भरीची पट्टी, घालावी किंवा काढावी लागते. शिम न घालता एसडीएमच्या पकडीत आरडीएम आवळला तर नळी दोनच रेषांवर दाबली जाते.

आता टक्केवारी

कार्बनचा तंतू काचतंतूपेक्षा सुमारे तीनपट ताठ आणि वजनाने हलका असतो, पण तुटण्यापूर्वी तो दीड-दोन टक्केच ताणला जातो. काचतंतू चार टक्क्यांच्या पुढे ताणला जातो. या एका फरकातून बाकी सगळं समजतं. जास्त कार्बनचा मास्ट हलका, आणि झोत येऊन गेला की झटकन सरळ होणारा. कमी कार्बनचा जड, आळशी, पण ठोकर सोसणारा. छापलेला टक्का फक्त तंतूंचा असतो. तंतू चिकटवणारं रेझिन त्यात धरत नाहीत, त्यामुळे १०० टक्के म्हणजे सगळी नळीच कार्बनची असं नव्हे.

शिकणाऱ्याला आणि शिकवणीच्या केंद्राला ३० ते ५० टक्के पुरे. तिथे मास्ट पाण्यापेक्षा जमिनीवरच जास्त आपटतो. नियमित फ्रीराइड करणाऱ्याला ६० ते ८० टक्क्यांचा आरडीएम, आणि आमच्या मते पैशाचं सर्वांत जास्त चीज इथेच होतं. १०० टक्के घ्यायचा तर लाटांसाठीचा जाड भिंतीचा आरडीएम घ्या किंवा शर्यतीसाठीचा एसडीएम. दोन्हींवर सी१०० च लिहिलेलं असतं, पण घडण अगदी निराळी असते. सपाट पाण्यावरच्या शर्यतीचा सी१०० एसडीएम लाटांत नेला तर तो फार दिवस टिकणार नाही.

घडणीबद्दल एवढं विचारा: नळीभोवती आडवे किंवा तिरके थर किती आहेत? रेझिनमध्ये भिजवलेलं कापड पोलादी दांड्यावर गुंडाळून, भट्टीत भाजून मास्ट बनतो. लांबीच्या दिशेचे तंतू वाक सांभाळतात, गोल फिरणारे तंतू नळीला चेपण्यापासून आणि उभं फाटण्यापासून वाचवतात. वजन कमी दाखवायला हेच गोल थर कमी केले जातात. एकाच लांबीच्या, एकाच टक्क्याच्या दोन आरडीएममध्ये एक २०० ग्रॅमने हलका असेल, तर आनंदण्याआधी भिंत कुठे पातळ केली आहे ते विचारा.

हातात घेतल्यावर तपासणी

भारतात दुकानात जाऊन मास्ट पारखून घ्यायची सोय फारशी नाही. नवा असेल तर बहुधा पार्सलने येतो, जुना असेल तर कुणाकडून तरी. दोन्ही वेळा तपासणी सारखीच, आणि तिला अर्धा तास द्या.

दोन्ही भाग ओल्या फडक्याने पुसून सावलीत आणा. स्टिकरवरची लांबी, आयएमसीएस आणि मॉडेल दोन्ही भागांवर एकच आहे ना ते पाहा. एका मास्टचा खालचा आणि दुसऱ्याचा वरचा असा जोड जुन्या मालात सर्रास सापडतो. तो बसतो, पण वाक कुणाचाच नसतो.

मग नाणं घ्या. रुपयाचं चालेल. नळी मांडीवर आडवी ठेवा आणि दर दोन-दोन सेंमीवर हलकेच ठोकत पुढे जा. चांगल्या नळीतून एकसारखा कोरडा, खणखणीत ‘टक’ येतो. भिंत जाडीने बदलते तसा सूर हळूहळू बदलेल, ते ठीक आहे. पण मध्येच एका जागी आवाज ‘ठप’ असा मेला आणि दोन बोटं पुढे गेल्यावर पुन्हा जिवंत झाला, तर तिथे थर सुटले आहेत. ती जागा खडूने गोल करा आणि नळी फिरवून सगळ्या बाजूंनी ठोका. असा मेलेला ठिपका बूमच्या पट्ट्यात, म्हणजे तळापासून साधारण १२० ते १६० सेंमीमध्ये, किंवा सांध्याजवळ सापडला तर मास्ट घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी.

ओरखड्यांसाठी नख फिरवा. नख अडकत नसेल तर फक्त रंग गेला आहे. नख अडकलं आणि खाचेत तंतूंची कुसं दिसली तर ते नुकसान आहे. लांबीच्या दिशेच्या ओरखड्यापेक्षा आडवा ओरखडा वाईट, कारण तो भार वाहणारे तंतूच कापतो. मग टॉर्च लावून दोन्ही नळ्यांत आतून पाहा. बाहेरून काहीच न दिसणारी चीर आतून पांढरट रेषेसारखी दिसते. तळाची कडा पाहा: तिथून वर जाणारी केसाएवढी उभी रेषा म्हणजे एक्स्टेंशनने नळी फाडायला सुरुवात केली आहे. व्हर्नियर असेल तर तळाचा व्यास एकमेकांना काटकोनात दोनदा मोजा. फरक दिसला तर नळी चेपली आहे.

फेरूल, म्हणजे सांध्यातला आत जाणारा तुकडा, मुठीत धरून पिळून पाहा. जरासुद्धा हलता कामा नये. शेवटी टोकाचं बूच जागेवर आहे ना तेही बघा. ते नसेल तर मास्टमध्ये पाणी भरतं आणि पडल्यावर शीड वर उचलणं जड होतं.

पार्सल असेल तर हे सगळं माल ताब्यात घेतल्याबरोबर करा, फोटो काढा, स्टिकरचा आणि बिलाचा फोटो जपून ठेवा. वॉरंटीचा दावा करताना मास्ट कोणत्या शिडात, किती एक्स्टेंशनवर वापरला ते विचारलं जातं.

सांधा

वाळूचे चार कण पुरतात. फेरूलवर वाळू राहिली की नळी शेवटपर्यंत बसत नाही, दोन-तीन सेंमीची फट राहते, आणि वाकण्याचा सगळा भार बाहेरच्या नळीच्या पातळ कडेवर येतो. ती कडा फाटते. बसलाच तर वाळू दोन्ही पृष्ठभाग खरवडते आणि संध्याकाळी मास्ट सुटत नाही.

किनाऱ्यावर मास्ट वाळूत न टेकवता शिडाच्या पिशवीवर ठेवा. फेरूल बाहेरून आणि समोरची नळी आतून गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसा. दोन्ही भाग एका रेषेत धरून हलका पीळ देत बसवा, फट उरली नाही हे बोटाने चाचपा, आणि सांध्यावर इन्सुलेशन टेपचे दोन वेढे घ्या. टेप वाळू आत जाऊ देत नाही, आणि मास्ट स्लीव्हमध्ये, म्हणजे शिडाच्या कडेच्या खोळीत, सरकवताना सांधा उघडूही देत नाही. हा दुसरा उपयोग मोठा आहे. ४३० च्या मास्टचा सांधा २१५ सेंमीच्या आसपास, म्हणजे बूम अडकवायच्या खिडकीच्या वर, स्लीव्हच्या आत असतो. तिथे तो उघडला तर तुम्हाला दिसणारच नाही.

अडकलेला मास्ट हातोडीने ठोकू नका. सांध्यावर गोडं पाणी ओतून मीठ विरघळू द्या, थोडं साबणाचं पाणी झिरपू द्या. मग दोघांनी दोन बाजूंना ओली सुती फडकी गुंडाळून, सरळ रेषेत ओढत, उलट-सुलट पीळ द्यायचा. हात घसरत असतील तर दोन्ही भागांवर एकेक बूम नीट शिम घालून आवळा आणि त्यांचा हँडलसारखा उपयोग करा. पीळ द्या, वाकवू मात्र नका.

कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर

आपल्याकडे मार्च ते मे दुपारचा वायव्येचा वारा हा भरवशाचा. तो मध्यम जोराचा, त्यामुळे शिडं मोठी आणि मास्ट बहुधा ४३० किंवा ४६०. एकच घ्यायचा झाला तर तुमच्या जास्त वापराच्या शिडाचा घ्या, ‘मधला’ म्हणून नको.

याच महिन्यांत ऊन सर्वांत कडक असतं. काळी नळी, बांधलेलं शीड आणि पूर्ण ताणलेला डाउनहॉल असं तासभर वाळूवर पडून राहिलं, तर रेझिन तापलेलं असताना नळी वाकलेल्या अवस्थेत राहते. जेवायला जाताना डाउनहॉल १०-१५ सेंमी सोडा आणि शीड सावलीत घ्या. बंद गाडीत मास्ट ठेवून जाऊ नका.

खाडीच्या मुखाशी वाळूचे दांडे असतात आणि मास्ट मोडायची सर्वांत सोपी जागा तीच. शीड उलटं पडतं, टोक तळाच्या वाळूत रुततं आणि पुढची लाट शिडावर चढते. असं झालं तर आधी मास्टचं टोक धरून समुद्राकडे फिरवा, म्हणजे लाट मास्टच्या लांबीवरून निघून जाईल. मास्ट लाटेला आडवा राहिला तर तो वाचत नाही.

खारं पाणी कार्बनला खात नाही, पण कार्बनला टेकलेल्या अॅल्युमिनियमला खातं. एक्स्टेंशन मास्टमध्येच ठेवून मोसमभर तसंच राहिलं की अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते, ती फुगते आणि तळाची नळी आतून फाकवते. म्हणून रोज एक्स्टेंशन बाहेर काढा आणि दोन्ही गोड्या पाण्याने धुवा. बूमची पकडही धुवा. तिच्या रबरात रुतलेली वाळू प्रत्येक झोताला नळी घासत असते. पावसाळ्याआधी दोन्ही भाग सुकवून, आडवे, तीन ठिकाणी टेकवून ठेवा.

एवढं करूनही मोडला, तर बहुतेक वेळा एकच भाग जातो. बरेच उत्पादक खालचा किंवा वरचा भाग सुटा विकतात. तोच ब्रँड, तेच मॉडेल, शक्यतो तेच वर्ष मागा, आणि आल्यावर दोन्ही भाग जोडून ३० किलोची परीक्षा पुन्हा करा. तळाच्या कडेची दोन-तीन सेंमीची उभी चीर जाणकाराकडून आडवे तंतू आणि इपॉक्सी लावून दुरुस्त होते, फक्त नंतर एक्स्टेंशन आणि स्लीव्ह दोन्ही बसतात ना ते पाहून घ्या. बूमच्या पट्ट्यातली किंवा सांध्याची चीर दुरुस्त करून त्या मास्टवर किनाऱ्यापासून लांब जाऊ नका.